दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचं, लिहिताना हात आखडतो. लेखनिक (आपण सांगू ती उत्तरं लिहिणारा) मिळेल का?

प्रश्न: वय ३३, पदवीधर. रायटर्स क्रॅम्प आहे, अर्ध्या तासात अक्षर वाचता येईनासं होतं. केंद्राच्या भरतीची लेखी परीक्षा तीन तासांची आहे. ४० टक्क्यांखाली लेखनिक मिळतच नाही, असं ऐकलंय. खरं आहे का?

प्रतिसाद १: नाही. ४० टक्के लागतात ते आरक्षणाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथेही त्रास रायटर्स क्रॅम्पचाच होता. त्यानंतर केंद्राने १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. लेखनिक हा तुमचा हक्क आहे, निःसंकोच मागा.

मात्र हातातलं ३५ टक्क्यांचं प्रमाणपत्र पुरणार नाही. लिहिण्यात अडचण आहे आणि लेखनिकाची गरज आहे, असं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अध्यक्षतेखालचं वैद्यकीय मंडळ देतं, एकट्या डॉक्टरची सही चालत नाही. जाहिरातीसोबतचा नमुना छापूनच न्या. कोऱ्या कागदावर नुसतं ‘उजव्या हातात अशक्तपणा’ लिहून मिळालं, तर लिहिण्याचा उल्लेख नाही म्हणून अर्ज अडतो. मंडळ रोज बसत नाही, तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता आधीच वार विचारून ठेवा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. धाकटा भाऊ लेखनिक म्हणून चालेल का? तोही पदवीधर आहे.

प्रतिसाद २: नाही चालणार. स्वतःचा लेखनिक आणायचा तर २०२२ च्या सूचनांनुसार त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली हवं होतं; २०२५ मध्ये सूचना बदलल्या, तेव्हा जाहिरातीतली अट नीट वाचा. तुमच्यासाठी बारावी झालेला शोधा. त्याच्या शिक्षणाचं हमीपत्रही जोडावं लागतं. परीक्षा घेणारी संस्था लेखनिक देणार असेल, तर दोन दिवस आधी त्याला भेटू द्यावं असं केंद्राच्या २०१८ च्या सूचनांतच होतं. त्या भेटीत त्याच्याकडून एक परिच्छेद लिहून घ्या. वेग आणि शुद्धलेखन तिथेच कळतं.

जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तुम्हाला एक तास.

आणि ऑनलाइन अर्जातल्या लेखनिकाच्या रकान्यात ‘होय’ निवडायला विसरू नका. घाईत ‘नाही’ राहिलं आणि दुरुस्तीची मुदत टळली, तर प्रमाणपत्र हातात असूनही परीक्षा केंद्रावर वाद होतो. हॉल तिकिटावर लेखनिकाची नोंद नसेल तर त्याच दिवशी ईमेल करा, आणि उत्तराची छापील प्रत केंद्रावर सोबत ठेवा.