मदत हवी आहे: चित्रकार धुरंधरांचं पोस्टकार्ड खरं की नंतरचं?

आजोळची ट्रंक आवरताना एक जुनं पोस्टकार्ड सापडलं. डोक्यावर टोपली घेतलेली नऊवारीतली बाई, कोपऱ्यात 'एम. व्ही. धुरंधर' अशी सही. मागची बाजू फक्त पत्त्यासाठी, मजकूर चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत कोंबलेला. अशी मांडणी जुन्या कार्डांची, म्हणजे कार्ड विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं असावं, असा माझा कयास.

रावबहादूर धुरंधर (१८६७–१९४४) मूळचे कोल्हापूरचे. १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले, मग तिथेच १९३१ पर्यंत शिकवलं. पण मला ओढ आहे ती त्यांच्या पोटापाण्याच्या कामाची: पोस्टकार्डं, पोस्टर, पुस्तकांतली चित्रं. किंकेड या इंग्रज लेखकाच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स'मधली (१९१४) चित्रंही त्यांचीच. तैलचित्रांवर सगळे बोलतात, या कामाकडे मात्र कुणी फारसं बघत नाही!

तर दोन प्रश्न. दगडी छपाई (लिथोग्राफी) आणि नंतरची पुनर्मुद्रणं भिंगाखाली कशी ओळखायची? आणि त्यांचं आत्मचरित्र 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' पुण्या-मुंबईत कुठल्या ग्रंथालयात बसून वाचता येईल? झेरॉक्स नको, फक्त चाळायचंय. कार्डाला वाळवी लागायला सुरुवात झालीय, तेव्हा ते जपायचं कसं तेही सांगा. आई लॅमिनेट कर म्हणतेय, मी तूर्त थोपवलंय.