गोल्फच्या मैदानावर मोलचा उपद्रव: सापळे रिकामेच राहतात

प्रश्न:
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधील एका छोट्या गोल्फ क्लबच्या मैदान समितीवर मी यंदापासून काम पाहतो. फेब्रुवारी लागल्यापासून सहाव्या फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, मोल हा जमिनीखाली भुयारे खणणारा छोटा प्राणी रोज नवा उकीर काढत आहे; आज सकाळी मी २८ ढीग मोजले. उकिरातच सापळे रोवले, एरंडेल शिंपडले, आवाज करणारी यंत्रेही पुरली, तरी एकही मोल हाती लागलेला नाही. आता विषारी वायूच्या गोळ्या वापराव्यात का?

उत्तर १:
मी बारा वर्षे ग्रीनकीपर, म्हणजे गोल्फ मैदानाची निगा राखणारा, आहे. आपली चूक सापळ्याच्या जागेत आहे. उकीर म्हणजे मोलने बाहेर लोटलेली माती. त्याची रोजची वाट बाजूने, बहुधा कुंपणाच्या कडेने जाते. दोन उकिरांच्या मध्ये लोखंडी सळई हळूहळू खुपसत जा. ती वीतभराच्या आतच एकदम सैल होऊन खाली गेली, की भुयार सापडले असे समजा. तेथील हिरवळीचा चौकोन अलगद कापून उचला, आत पडलेली माती बोटांनी काढा, तळ मुठीने दाबून घट्ट करा, सापळा भुयाराच्या दिशेतच बसवा आणि उजेडाची तिरीपही आत जाणार नाही अशा बेताने वरून झाका, कारण उजेड किंवा वारा जाणवला की मोल माती लोटून सापळाच बुजवून टाकतो. सापळे मात्र रोज तपासा. अडकलेला जीव तडफडत राहता कामा नये. ढिगांच्या संख्येने घाबरू नका. मोल एकटा राहणारा प्राणी आहे आणि एवढे ढीग एकट्याचेही असू शकतात.

उत्तर २:
गोळ्यांना आपण स्वतः हात लावू नका. त्यांतील अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडला ओल लागताच फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो, म्हणून ब्रिटनमध्ये त्यासाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी मोल मारण्यासाठी वापरले जाणारे स्ट्रिक्नीन हे विष तर २००६ मध्येच बंद झाले. मोल चिचुंद्रीच्या जवळचा, गवताची मुळे न खाणारा प्राणी आहे. तो येतो गांडुळांसाठी. म्हणून गांडुळे मारण्याचा सल्ला कोणी दिला तरी कृपया ऐकू नका, कारण मैदानाची माती तीच भुसभुशीत ठेवतात. उकीर रोलरने दाबू नये, फावड्याने उचलावा. नाहीतर खालचे गवत गुदमरते आणि खड्यांनी यंत्राची पाती बोथट होतात.

उत्तर ३:
तोवर खेळाडूंना गोल्फच्या नियमांतील नियम १६.१ दाखवा. चेंडू मोलच्या बिळात किंवा उकिरावर थांबल्यास दंडाविना सवलत मिळते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. दुपारी कुंपणालगत तिसऱ्याच प्रयत्नात सळई सैल झाली. उकिरातले सापळे काढून दोन तेथे बसवले आहेत. उद्या उजाडताच पाहून कळवतो.