डोक्यावरचं भिंग घेताना ‘किती एक्स’ हा प्रश्नच चुकीचा आहे

खटपट्या :
मुद्दा सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे वाद घालायला बरं. स्केल मॉडेलसाठी, म्हणजे खऱ्या वस्तूच्या ठरावीक प्रमाणातल्या छोट्या प्रतिकृतीसाठी, डोक्यावर बांधायचं भिंग घेताना जो तो विचारतो, “किती एक्सचं, म्हणजे किती पट मोठं दाखवणारं घेऊ?” माझं म्हणणं असं, की तो आकडा नंतर बघा. आधी बघा, त्या भिंगातून स्पष्ट दिसायला वस्तू किती अंतरावर धरावी लागते.

हे शहाणपण मला १/७०० च्या एका युद्धनौकेनं शिकवलं. या स्केलला खरा मीटरभर उंचीचा कठडा दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. फोटोएचचा (पातळ धातूच्या पत्र्यातून रसायनानं कोरलेला) तसला कठडा डेकच्या कडेला बसवायचा म्हणून मी हौसेनं १० डायॉप्टरचं भिंग लावलं (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद, चष्म्याचा नंबर असतो तोच). दिसलं मात्र झकास, खांबाखांबांमधल्या फटी मोजता येतील इतकं. पण १०० ला डायॉप्टरनं भागलं की फोकसचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं, म्हणजे इथे जेमतेम १० सेंटिमीटर. चिमट्यात कठडा धरून हात आत आणला, चिमट्याचं मागचं टोक टक्कन भिंगावर आपटलं आणि कठडा गेला. कुठे गेला ते विचारू नका. टोकाला घेतलेला सुपरग्लूचा थेंब तेवढा डेकवर इमानदारीत उतरला.

आता मी ३ डायॉप्टर वापरतो. अंतर ३३ सेंटिमीटर, मोठं दिसतं पावणेदोन पट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाठ ताठ राहते आणि दोन्ही हात भिंगाखाली सुखानं नांदतात.

आणखी एक. एक्सच्या आकड्यातही गंमत आहे. कुणी डायॉप्टरला ४ नं भागून सांगतो, कुणी भागून वर १ मिळवतो. ८ डायॉप्टरचं एकच भिंग एका खोक्यावर २ एक्स असतं, दुसऱ्यावर ३ एक्स. दोन्ही हिशेब प्रकाशशास्त्रात बसतात, म्हणून खोटंही म्हणता येत नाही.

चिमटाबहाद्दर :
साफ असहमत. दोष चिमट्याचा, खापर भिंगावर! वाकड्या टोकाचा चिमटा घ्या आणि हात वरून नाही, बाजूनं आणा. १० सेंटिमीटरमध्ये भरपूर जागा असते.

मी १/३५ च्या माणसांचे चेहरे रंगवतो. खऱ्या डोळ्याची रुंदी साधारण ३ सेंटिमीटर धरली तर या स्केलला ती मिलिमीटरच्याही आत येते. त्यात पांढरा, त्यात बुबुळ, वर पापणीची रेघ. तुमच्या पावणेदोन पटीत मला तिथे नुसता डाग दिसतो. डाग दिसला की डागच रंगवला जातो, आणि सैनिक जन्मभर डोळे वटारून बघत बसतो.

भिंग मोठं झालं की हात थरथरताना दिसतो म्हणून लोक घाबरतात. अहो, हात आधीही थरथरतच होता, फक्त दिसत नव्हता. दिसायला लागला की आपोआप आवरतो. दोन्ही मनगटं टेबलाला टेकवा, करंगळीला करंगळी लावा, मग बघा.

खटपट्या :
@चिमटाबहाद्दर, बुबुळाचं मान्य. पण एक सांगा, चेहरा रंगवताना ब्रशचं शेपूट कुठे जातं? माझ्या ब्रशचा दांडा १७ सेंटिमीटरचा आहे. उभा धरला की थेट भिंगात.

चिमटाबहाद्दर :
दांडा कापलाय. 😀

जुना_खोडरबर :
तुम्ही दोघंही डोक्यावर ओझं घेऊन भांडताय. टेबलाला अडकवायचा भिंगाचा दिवा का नको? पाच इंची काच, भोवती एलईडी, दोन्ही डोळ्यांनी बघायचं, मान वर केली की जग जिथल्या तिथे. हेडबँड लावून कुणी तासभर बसून दाखवावं. कपाळावर पट्ट्याचा वळ, काचेवर श्वासाची वाफ, आणि चहाचा कप उचलायला गेलं की हात रंगाच्या बाटलीवर.

खटपट्या :
दिवा मीही वापरलाय, दोन वर्षं. एका जागी बसून स्प्रूवरचे (किटमधल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यावरचे) भाग कापायला, कानस मारायला उत्तम. पण मॉडेल जरा फिरवलं, पंखाखालून बघायचं झालं, की दर वेळी दिव्याचा हात हलवा. त्या हाताच्या स्प्रिंगा सैल झाल्या की तो नमस्कार करत करत खाली येतो. काचेच्या कडेला सरळ रेघ वाकडी दिसते, त्यामुळे पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाची रेघ) सरळ आली की नाही ते कळत नाही. आणि कुणी टेबलाला गुडघा लावला की तुमच्या डोळ्यांसमोर भूकंप.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो दिवा खिडकीपाशी उघडा ठेवून जाऊ नका. उन्हात तो सूर्य एकवटतो, आणि टेबलावर आपल्याकडे प्लॅस्टिक, थिनर, टिश्यू, सगळा शिधा तयार असतो. झाकण घाला, नाहीतर कापड टाका. हे हेडबँडलाही लागू आहे, फक्त त्याची काच लहान.

ढापण्या :
माझा चष्मा उणे ५. मॉडेल करताना मी फक्त चष्मा काढून ठेवतो. २० सेंटिमीटरवर सगळं आरशासारखं स्वच्छ. लहानपणी ज्यावरून चिडवायचे त्याचं हे व्याज वसूल करतोय. भिंगबिंग तुम्हा चांगल्या डोळ्यांच्या लोकांची भानगड.

चाळिशीपार :
@ढापण्या, मजा करा. इकडे चाळिशी लागली आणि १/७२ चं कॉकपिट एका रात्रीत धुकं झालं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली म्हणून लिहितो. वाचायच्या चष्म्यावरून हेडबँड लावला तर दोन्हींचे डायॉप्टर एकमेकांत मिळतात. माझा वाचायचा चष्मा अधिक २ चा. त्यावर ३ चं भिंग लावलं की झाले ५, आणि ३३ सेंटिमीटरचं अंतर २० वर येतं. मी समजत होतो भिंगच बोगस लागलं. दूरच्या चष्म्यावरून लावलं तर पुन्हा ३३. दुहेरी काचेच्या चष्म्यात तर आणखी घोळ, कारण मान जरा हलली की नजर खालच्या भागातून जाते आणि फोकस पळतो. तेव्हा आकडा ठरवण्याआधी, खाली कुठला चष्मा असणार आहे ते ठरवा.

दातपडक्या :
दंतवैद्य वापरतात तसले लूप, म्हणजे चष्म्यासारखी नाकावर लावायची भिंगं, कुणी पाहिलेत का? अडीच पट, आणि वस्तू तरी ४० सेंटिमीटरवर! त्यात साधं भिंग नसतं, छोटी दुर्बीणच असते, म्हणून पट वाढली तरी अंतर कमी होत नाही. एका ओळखीच्यांकडून जुना मागून आणला. मान खरंच सरळ राहते. पण दिसण्याचं वर्तुळ लहान, नाकावर वजन, आणि ज्यांची बारकी दुर्बीण काचेतच पक्की बसवलेली असते ते मूळ मालकाच्या डोळ्यांमधल्या अंतरावर बेतलेले असतात. मला एका डोळ्यानं एक टँक दिसायचा, दुसऱ्यानं दुसरा. मागून आणायचाच तर वर उचलता येणारा, डोळ्यांमधलं अंतर जुळवता येणारा आणा.

उगाच_एक :
एक मूलभूत शंका. तयार मॉडेल कपाटात हातभर लांब राहणार. तिथून ज्या चुका दिसत नाहीत, त्या भिंग लावून शोधायच्या, मग दुरुस्त करायच्या, दुरुस्तीत नवीन करायच्या. ही कुठली हौस? मी भिंग टाकून दिल्यापासून वर्षाला चार मॉडेलं पुरी होतात. आधी अर्धवट पेट्यांची चळत होती.

चिमटाबहाद्दर :
@उगाच_एक, हातभर लांबून बघणारे दिवस गेले. आता प्रत्येक जण फोनचा मॅक्रो लावून फोटो काढतो आणि त्यात तुमचा बोटाचा ठसासुद्धा दिसतो. फोटो काढल्यावर चूक कळण्यापेक्षा रंगवताना कळलेली बरी.

उगाच_एक :
मग फोटो लांबून काढा.

खटपट्या :
@उगाच_एक, अर्धं पटतं. एअरब्रशनं मोठा भाग रंगवताना मी भिंग वर उचलूनच ठेवतो. तिथे डोळ्याला पूर्ण पृष्ठभाग दिसायला हवा, शिवाय रंगाचे कण काचेवर बसतात. आणि बसले, तर थिनरनं पुसू नका! माझं एक अॅक्रिलिकचं भिंग लॅकर थिनरच्या एका हातात दुधाळ झालं. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बस्स. म्हणूनच मी काचेच्या भिंगाच्या बाजूचा आहे, जड असलं तरी.

@चिमटाबहाद्दर, तुमच्यासाठी माघार घेतो, पण अर्धीच. बुबुळ रंगवायच्या पाच मिनिटांसाठी १० डायॉप्टर योग्य. ऑप्टिव्हायझरसारख्या हेडबँडात काचेची प्लेट बदलता येते, आणि तिच्या नावातला आकडाच डायॉप्टर असतो, डीए-३, डीए-४, डीए-१०. रोजच्या कामाला ३ किंवा ४, आणि १० फक्त चेहऱ्यांपुरती. पण ज्याला एकच घ्यायचंय त्याला १० घ्यायला सांगू नका हो.

नवीन घेणाऱ्यांनी एवढं करावं. नेहमी बसता तसे बसा, हातात एखादा भाग धरा, आणि घरातल्या कुणाला तरी डोळ्यापासून भागापर्यंतचं अंतर टेपनं मोजायला सांगा. १०० ला त्या आकड्यानं भागा. जे येईल त्याच्या आसपासचं भिंग.

चाळिशीपार :
बायकोनं मोजलं. २७ सेंटिमीटर. म्हणजे साधारण पावणेचार, त्यातले २ चष्म्यातच आहेत. मग मला हेडबँडवर पावणेदोनच लागणार?

खटपट्या :
तो वाचायचा चष्मा ठेवलात तर, हो. दूरचा लावलात तर ४ चं घ्या, दोन सेंटिमीटर पुढे वाकावं लागेल. मी दुसरं करीन.

चिमटाबहाद्दर :
आणि तो कठडा सापडला का?

खटपट्या :
सापडला. मोज्याला चिकटून धुण्यात गेला होता. आता १/७०० चा एस आकाराचा कठडा आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.