मिठाच्या पाण्यात पाय (जमलं तर अंगही) बुडवायचंय – बजेट ₹१५००, सुचवा

उभी_दिवसभर
साड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ. स्टूल आहे, पण समोर गिऱ्हाईक असताना बसलेलं मालकांना चालत नाही, आणि लग्नसराईत गिऱ्हाईक समोर नसतं कधी? घरी येईस्तोवर टाचा ठणकतात, रात्री पोटरीत गोळा येतो. मैत्रीण म्हणाली एप्सम सॉल्टच्या गरम पाण्यात बस. कुठलं मीठ घेऊ, किती घालू, आणि कशात बसू? भाड्याचा वन बीएचके, तिसरा मजला, बाथरूममध्ये वॉशिंग मशीन ठेवल्यावर एक माणूस जेमतेम वळतो. गिझर १५ लिटरचा. ऑनलाइन हवा भरायचा टब पाहिलाय, तो घ्यावा का? बजेट ₹१५००, मीठ आणि भांडं धरून. आईही म्हणतेय मी पण बसेन.

टोरांटोकर
ताई, सरळ टब घ्या. इथे आमच्याकडे घरोघरी टब असतोच. दोन कप एप्सम, वीस मिनिटं, बाहेर उणे १८ आणि आपण मानेपर्यंत पाण्यात. शनिवारची वाट बघतो मी. आता भारतातही ॲक्रिलिकचे छान टब मिळतात, पंचवीस-तीस हजारांत होऊन जाईल. खर्च एकदाच होतो, पाय जन्मभराचे.

हिशेबनीस
वर ₹१५०० लिहिलंय, वाचलं का? असो. टबाचा हिशेब मांडतो. गिझरमधलं पाणी ६० अंश, नळाचं २५ धरा. ४० अंशांचं पाणी करायचं तर १५ लिटरचे जास्तीत जास्त ३५ लिटर होतात, थंडीत ३०. टबाला दीडशे लागतं. म्हणजे पाच वेळा गिझर तापवा, आणि पाचवा तापेपर्यंत पहिलं पाणी गार. त्यात दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, वर आपण. बाथरूममध्ये जागा नाही म्हणून हवेचा टब गॅलरीत मांडाल तर घरमालकाला आधी विचारा. पायांपुरतं बघा, एका गिझरात आरामात भागतं.

द्राक्षबाग
एप्सम म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, दुसरं काही नाही. पान पिवळं पडून शिरा हिरव्या राहिल्या की आम्ही वेलींना तेच देतो. कापसावर लाल्या आला, म्हणजे पानं लाल पडली, की तेच फवारतात. कृषी सेवा केंद्रात २५ किलोची गोण मिळते. शहरात तेच मूठभर बरणीत भरून, वर जांभळं फूल छापून विकतात. छाटणीच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी घमेल्यात पाय टाकून बसतो. गोण घ्या, तीन वर्षं बघायला नको.

लॅबवाली
दादा, वन बीएचकेत २५ किलोची गोण ठेवायची कुठे? आणि रसायन तेच असलं तरी शुद्धता तीच नसते. खताची प्रत पिकासाठी ठरवलेली असते, कातडीसाठी नाही. शिवाय सुटं घेताना गफलत होते. आमच्या शेजाऱ्यांना दुकानातून झिंक सल्फेट बांधून दिलं, दिसायला तसेच पांढरे खडे. दोन दिवस पाय लाल आणि आग आग. औषधाच्या दुकानात पाकीट मागा, त्यावर 'मॅग्नेशियम सल्फेट' आणि पुढे 'आयपी' (म्हणजे औषधाच्या प्रतीचं) लिहिलेलं बघा. किलोभर दोन-अडीचशेच्या आत यायला हवं.

द्राक्षबाग
माझ्या पायांना चार वर्षांत काही झालेलं नाही.

लॅबवाली
तुमचे पाय म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. (हलके घ्या.)

खडेमीठ
कशाला हवं एप्सम? आमची आजी शेतातून आली की चुलीवर पाणी, त्यात ओंजळभर खडेमीठ, आणि पितळी घंगाळ. वीस रुपयांत काम. शिवाय मिठाने दिवसभराची नकारात्मक ऊर्जा उतरते. दुकानात शंभर जणांच्या नजरा लागतात. ते पाणी घरात ठेवायचं नाही, लगेच बाहेर टाकायचं.

हिशेबनीस
ही ऊर्जा कुठल्या एककात मोजतात? वीजबिलात येते का?

खडेमीठ
तुमच्यासारख्यांसाठीच मिरच्या ओवाळतात.

तुळशीवाली
भांडू नका. मात्र 'बाहेर टाकायचं' यावरून सांगते. मी शहाणपणा करून खड्या मिठाचं पाणी कढीपत्त्याला घातलं. पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून. आठवडाभरात पानांच्या कडा करपल्या, पंधराव्या दिवशी नुसती काठी. सहा वर्षांचं झाड होतं, गल्लीतल्या सगळ्यांच्या फोडणीला पुरायचं. नंतर कळलं की एप्समचं थोडं पाणी झाडाला चालतं, खाण्याच्या मिठाचं अजिबात नाही. आणि सैंधव म्हणजेही शेवटी खाण्याचंच मीठ, गुलाबी दिसलं तरी.

मॅरेथॉन_काका
वय ५७, आजवर अकरा हाफ मॅरेथॉन. गरम पाणी विसरा. बर्फ! बादलीत बर्फाचे दोन ट्रे, दहा मिनिटं पाय आत. पहिली तीन मिनिटं देव आठवतात, मग काही आठवत नाही. आणि काउंटरमागे कसली चप्पल घालता? फरशीवर सपाट स्लीपर घालून दहा तास उभं राहिलात तर समुद्र आणून ओतलात तरी टाचा दुखणारच.

टाचदुखी_तज्ज्ञ
काकांच्या बर्फाशी असहमत, चपलेशी पूर्ण सहमत. फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर. आराम मुख्यतः कोमट पाण्याने पडतो. मॅग्नेशियम कातडीतून आत मुरून काम करतं याला भक्कम पुरावा नाही. मीठ घालायला हरकत नाही, त्यावर फार भिस्त नको. पाच-सहा लिटर पाण्याला अर्धी वाटी पुष्कळ. पाणी ३८ ते ४० अंश. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, बाळाच्या पाण्याला बघतो तसं. पंधरा मिनिटं पुरे. टाचेला भेग किंवा जखम असेल तर नको, झोंबेल.
सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकताना टाचेत सर्वात जास्त कळ येते का? तसं असेल तर खरा उपाय पोटरी ताणण्यात आहे: भिंतीला हात, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, तीस सेकंद, दोन्ही पायांना तीन-तीनदा. पाणी त्यानंतर.
आणि आईंना साखर आहे का? हे आधी सांगा.

उभी_दिवसभर
हो, पहिल्या पावलालाच कळ येते! आईला पंधरा वर्षं शुगर आहे. गोळ्या चालू आहेत. म्हणते, तळव्यांना मुंग्या येतात म्हणूनच तिला बसायचंय.

गप्पगार
एरवी फक्त वाचतो, आज लिहितो. सासऱ्यांना शुगर, त्यांच्याही तळव्यांना मुंग्या. मागच्या डिसेंबरात त्यांनी स्वतःच बादलीत पाणी काढलं, मीठ टाकलं आणि बातम्या बघत बसले. "काही गरम नाही, छान वाटतंय," म्हणाले. बायको टॉवेल घेऊन गेली, पाण्यात बोट घातलं आणि ओरडली. पाय बाहेर काढले तर घोट्यापर्यंत मोजा घातल्यासारखी लाल रेघ, आणि संध्याकाळी तळव्याला लिंबाएवढा फोड. त्यांना भाजल्याचं कळलंच नव्हतं. साडेतीन महिने ड्रेसिंग, करंगळी थोडक्यात वाचली. आईंना बसवू नका. कोमट असलं तरी नको, आपण नसताना त्या गरम ओतून घेतील.

टाचदुखी_तज्ज्ञ
गप्पगार यांचा प्रतिसाद सगळ्यात वर चिकटवायला हवा. मुंग्या येणं म्हणजे नसा बधिरायला लागल्याची खूण असू शकते. डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. तोवर रोज पाय बघणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं आणि क्रीम, तेही बेचक्यांत नाही.

टोरांटोकर
मीही हेच सांगणार होतो. पण टबाचा विचार करा.

तानसाकाठ
घरी कशाला खटपट? एक रविवार अकलोलीला जा. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, तानसा नदीच्या काठाने गरम पाण्याची कुंडंच कुंडं. धरणीमाता फुकट पाणी तापवून देतेय.

हिशेबनीस
रविवारी दुकान चालू असतं हो, लग्नसराई आहे. आणि रविवारी त्या कुंडात पाण्यापेक्षा माणसं जास्त.

तानसाकाठ
मग पहाटे जा. आम्ही राजापूरच्या उन्हाळ्याला (तिथल्या गरम झऱ्याला) पहाटे पाचला पोचलो होतो.

खडेमीठ
+१. पण तिथलं पाणी घरी आणायचं नसतं.

लॅबवाली
अवांतर, पण महत्त्वाचं: एप्समचं पाकीट स्वयंपाकघरात ठेवू नका. चव कडू असते आणि पोटात गेलं तर जुलाब होतात. पूर्वी त्यासाठीच देत असत. आमच्याकडे पाहुण्यांनी साखर समजून सरबतात ढवळलं होतं. पुढचं सांगत नाही.

उभी_दिवसभर
सगळ्यांचे आभार. गोण, टब, बर्फ, घंगाळ, सगळं वाचलं.
झालं असं की औषधाच्या दुकानात एप्सम घ्यायलाच गेले होते. शेजारी गुलाबी हिमालयन मिठाची बरणी, त्यात गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या. ₹३४०. तुळशीवाली म्हणाल्या ते खाण्याचंच मीठ, लॅबवाली म्हणाल्या आयपी बघा, सगळं डोक्यात होतं. तरी तीच घेतली. दिवसभर दुसऱ्यांना रंग दाखवते, एक रंग माझा. भांडं नवीन घेतलं नाही, कपडे भिजवायचा निळा टब आहे. उरलेल्या पैशांतून जाड सोलची चप्पल घेतली, ₹८९९. मालकांनी पाहिली, बोलले नाहीत काही.
पोटरीचा ताण सकाळ-रात्र करते. पहिल्या पावलाची कळ अजून आहे, पण जिना उतरेपर्यंत जाते. आईला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पायावर बारीक दोरा टेकवत कुठे कळतं कुठे नाही ते पाहिलं. डाव्या अंगठ्याला कळत नाही. ती आता खुर्ची ओढून माझ्या टबाशेजारी बसते, पायांना क्रीम लावते आणि कुरकुरते की वास तर मलाही येतोय.

द्राक्षबाग
₹३४० मध्ये मी वर्षभर भिजलो असतो.

टोरांटोकर
फोटो टाका ना.

उभी_दिवसभर
फोटो नाही. पण हा धागा पुढे कोणी वाचला तर एक सांगते, बरणी बाथरूममध्ये ठेवू नका. आठ दिवसांत पाणी सुटून मिठाचा दगड झालाय. पाकळ्यांसकट. सध्या उलथन्याने फोडून घालते.