झाडं असलेल्या फिश टँकमध्ये काळं शेवाळ वाढतंय, पाणी कसं आणि किती बदलू?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. घरात दोन फुटी टँक आहे, वाळू-दगड सोडून साधारण ६० लिटर पाणी. आत अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिसनेरिया आणि एक अमेझॉन स्वोर्ड ही पाण्यातली झाडं. मासे म्हणजे आठ गप्पी, चार कोरीडोरास. सासरे रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोरच बसतात, त्यामुळे हा टँक नीट राहावा असं फार वाटतं.

फेब्रुवारीत माझ्याकडून मोठी चूक झाली. फिल्टरचा स्पंज बुळबुळीत झाला होता, तो नळाखाली चोळून चोळून धुतला आणि त्याच दिवशी अर्धं पाणीही बदललं. तिसऱ्या दिवशी पाणी ताक ओतल्यासारखं झालं, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. चौदातले सहा गप्पी गेले. तेव्हापासून पाणी बदलायला हात धजत नाही. कमी झालं की फक्त भर घालते. उन्हामुळे टँकवर छोटा पंखा लावलाय, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बोटभर उतरतं.

आता अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे, दाढीच्या खुंटांसारखे झुपके आलेत. फिल्टरच्या धारेत हलतात, पण बोटाने खरवडले तरी निघत नाहीत. सोसायटीत गंगापूर धरणाच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतात. नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ४१०, टँकचा ७८०. दुकानात लिक्विड कार्बन (टँकच्या झाडांसाठी मिळणारं बाटलीतलं द्रव) घाला म्हणाले. घालू का? आणि झाडं न उपटता तळ कसा साफ करायचा? दिवा रोज दहा तास चालू असतो.

प्रतिसाद:

ताई, लिक्विड कार्बन तूर्त नको. त्यात बहुधा ग्लुटराल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन असतं, त्याने व्हॅलिसनेरियाची पानं विरघळतात. तुमच्या टँकचं दुखणं वेगळं आहे. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. त्यावर तुम्ही पुन्हा क्षाराचंच पाणी ओतताय. भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. माशांची घाणही आतच साठत गेली, ती आणि दहा तासांचा उजेड या शेवाळाला फावतो.

पण घाईने अर्धं पाणी काढू नका, मासे या पाण्याला सरावलेत. एक दिवसाआड सहा लिटर बदला. टीडीएस ५०० च्या आसपास आला की दर आठवड्याला पंधरा लिटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालवणारं अँटिक्लोर घाला. उतरलेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या पाण्याने.

फेब्रुवारीत मासे गेले ते पाणी बदलल्यामुळे नसावेत. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजमध्येच राहतात, क्लोरीनने आणि घासण्याने ते गेले. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा दाबायचा, बस. पांढरा करायचा नाही.

सायफन (घाण ओढून घेणारी नळी) वाळूत खुपसू नका, बोटभर वर धरून फिरवा. स्वोर्डच्या मुळाशी साठलेला गाळ तर राहूच द्या, तेच त्याचं खत. दिवा सात तासांवर आणा. जास्त खराब पानं कापून टाका. उरलेल्यांसाठी अनुबियास दगडासकट बाहेर काढून मेडिकलमधलं तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने झुपक्यांना लावा, दोन-तीन मिनिटांनी धुऊन परत ठेवा. आणि अनुबियास, जावा फर्न यांचं आडवं खोड वाळूत पुरलं असेल तर वर काढा, कुजतं.

धागाकर्ती:

खूप आभार. जावा फर्नचं खोड खरंच पुरलेलं होतं, खालून मऊ पडलं होतं. तेवढं कापून वरचा भाग दोऱ्याने लाकडाला बांधलाय. तीनदा पाणी बदललं, टीडीएस ६८५ वर आला. बादलीत स्पंज दाबताना पाणी अगदी कोऱ्या चहासारखं निघालं, तरी या वेळी मासे ठीक आहेत, खाणं टाकलं की धावून येतात. पेरॉक्साइड लावलेले झुपके चौथ्या दिवशी गुलाबी पडले, सासऱ्यांनीच आधी पाहिलं.

एकच विचारायचं राहिलं. स्वोर्डची नवी पानं पिवळट येतायत. मुळाशी खताची गोळी आत्ताच खोचू, की टीडीएस खाली येईपर्यंत थांबू?