श्यामने धाकट्याला शिवलेला कोट, आणि आपली भावंडं : अनुभव लिहा

गोदाकाठची :
काल रात्री लेकीला 'श्यामची आई' वाचून दाखवत होते. 'बंधुप्रेमाची शिकवण' आलं आणि माझा आवाजच फुटेना. सुट्टीत धाकट्यांशी भांडणारा श्याम, आईचं बोलणं मनाला लागतं, मग खाऊचे पैसे साठवून धाकट्याला नवा कोट शिवतो. आई आधी काय विचारते? पैसे कुठून आणलेस!
आमच्या बाबांची सातपूरची कंपनी बंद पडली तेव्हा दादा अकरावीत. त्याआधी आमची रोज मारामारी. त्या जूनपासून तो पहाटे पेपर टाकायला लागला आणि पहिल्या पैशांतून माझं दप्तर आणलं. आईने हाच प्रश्न विचारला. त्यानंतर आम्ही एकदाही भांडलो नाही. आजही त्याच्याशी बोलताना बाबांसमोर उभी असल्यासारखी वागते मी. ती मारामारी परत हवीशी वाटते. तुमच्याकडे काय झालं?

सिन्नरची ताई :
दप्तराशी थांबले गं. आई गेली तेव्हा धाकटा आठ वर्षांचा. शाळेच्या पालकसभेला मीच जायचे, दहावीतली पोर. आता त्याच्या लग्नात आईच्या जागी मला बसवलं. कुकर झाला, नंतर लिहिते.

जेलरोडकर :
हे पुस्तक आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलंय. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात, १३ ला पहाटे पूर्ण. मी रोज त्या भिंतीवरून कामाला जातो. गुरुजींना घर आठवत असेल का हो तिथे, असं दर वेळी मनात येतं.

द्राक्षवाला, निफाड :
सगळेच जवळ येत नाहीत. २०१४ च्या गारपिटीत बाग झोपली. कर्ज दोघांच्या नावावर, फेडायचं कोणी यावरून वाटणी. बांधाला बांध, पण भाऊ बोलत नाही. श्यामच्या वडिलांचंही भावांशी हेच झालं होतं ना, वेगळं निघावं लागलं. त्याच घरातली आई पोरांना भावाशी प्रेमाने वाग सांगते. तिने दिरांचं बघितलं होतं म्हणूनच सांगत असणार. हे मला चाळिशीत कळलं.

गोदाकाठची :
दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पोळ्याला बैल घेऊन त्यांच्या दारावरून जाता का?

द्राक्षवाला, निफाड :
बैल विकले ताई. पण त्याची पोरगी येते आमच्याकडे, चुलतीच्या हातची बाजरीची भाकरी खायला. तिला कोणी अडवत नाही.

पंचवटीतली :
२००८ च्या पुरात गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्याही वर गेलं तेव्हा माझ्या भावाने आधी माझी पुस्तकं वर नेली, त्याची राहिली. बारावीचं वर्ष होतं त्याचं. अजून बोलून दाखवलं नाही त्याने.

सिन्नरची ताई :
आले. मोठ्या अक्षरातली प्रत मिळेल का कुठे? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना वाचायचंय.

जेलरोडकर :
सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, विचारतो. शनिवारी जातोच आहे, सिन्नरला कोणी येणार असेल तर पाठवतो.