अनुभव धागा: नेहमी उडणाऱ्यांचा पहिला लो-कॉस्ट प्रवास

धागाकर्ता
जेट एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. पुण्याहून देशात कुठे जायचं म्हटलं की आता बहुतेक वेळा इंडिगो, अकासा, स्पाइसजेट किंवा एअर इंडिया एक्सप्रेस. वर्षानुवर्षं जेवण, लाउंज आणि सदस्य-कार्डावरचे जादा किलो गृहीत धरलेली मंडळी इथे अडखळतात. त्यांना विमानप्रवास येतो, पण या कंपन्यांचा हिशोब माहीत नसतो. जाणकारांनी त्यांच्यासाठी लिहावं. "आमचं विमान कसं लेट झालं" या कहाण्या चहाबरोबर सांगू. इथे किलो, मिनिटं, रुपये आणि काय कशामुळे बिघडतं तेवढंच.

पौडफाटा
सुरुवात वजनापासून. केबिन बॅग ७ किलो, माप ५५ × ३५ × २५ सेंमी, आणि त्यात चाकं व दांडाही धरतात. इंडिगोत याशिवाय ३ किलोपर्यंतची पर्स किंवा लॅपटॉपची लहान पिशवी चालते. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलोंची असते, म्हणजे कपड्यांना उरले जेमतेम चार. दोन दिवसांचं काम असेल तर कापडी बॅग घ्या.

चेक-इनला देशांतर्गत १५ किलो, आणि इंडिगोत माणशी एकच नग. दोन लहान बॅगा मिळून १४ किलो भरल्या तरी दुसऱ्या नगाचे पैसे मागतात, म्हणून एकच मोठी बॅग न्यावी. मात्र कोणताही एक नग ३२ किलोंच्या वर घेत नाहीत, कारण तो उचलणारी माणसं असतात. एका पीएनआरवरच्या (एकाच बुकिंग क्रमांकावरच्या) कुटुंबाचं वजन एकत्र धरून घेतात, पण त्यासाठी सगळ्यांनी एकाच काउंटरवर एकाच वेळी उभं राहायला हवं.

घरी लटकता काटा नसेल तर बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. जादा किलो लागणारच असतील तर आदल्या दिवशी वेबसाइटवर घ्या. काउंटरवर दर जास्त असतो आणि चार-पाच किलोंत स्वस्त तिकिटाचा फायदा संपतो.

सदाशिव_पेठ_३०
वजनाइतकंच आत काय भरलंय तेही बघतात. बाकरवडी, चिवडा, आंबा बर्फी केबिनमध्ये बिनधास्त. श्रीखंडाचा डबा मात्र चेक-इनला टाका. पातळ पदार्थ सुरक्षा तपासणीत अडवले जातात आणि तिथे वाद घालून आजवर कुणाचं श्रीखंड सुटलेलं नाही. लोणचं, तूप, तिखट, मसाला हेही चेक-इनलाच. तूप-तेलाच्या डब्याला दोन प्लास्टिक पिशव्या.

सुकं खोबरं कुठेच नेऊ नका. त्यात तेल भरपूर असल्याने ते ज्वलनशील मानतात. अडकित्ता, कात्री, सुरी केबिनमध्ये नाही.

पॉवर बँकेचं उलटं: ती फक्त केबिनमध्ये. चेक-इन बॅगेत राहिली तर एक्स-रेत दिसते, बॅग बाजूला काढतात आणि तुम्हाला उघडायला बोलावतात. मर्यादा १०० वॉट-तास. हिशोब असा: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १०००, म्हणजे ७४. चालते. ३०,००० वाली १११ होते, ती घरीच ठेवा.

विमाननगरवासी
आता वेळ. इंडिगोचं देशांतर्गत काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. जुन्या कंपन्यांत गोल्ड कार्ड दाखवून कुणी सोबत धावत न्यायचं, ते इथे विसरा. वेब चेक-इन घरूनच करा. सीट निवडायच्या पानावर पैशांच्या सीटा आधी डोळ्यांसमोर येतात. फुकटात जायचं असेल तर निवड वगळण्याचा पर्याय खाली कुठेतरी बारीक अक्षरांत असतो. मिळेल ती सीट मिळते, बहुधा मधली.

रस्ता: कोथरूड, बावधन, सिंहगड रोडवरून संध्याकाळी ६ ते ८ दरम्यान निघणाऱ्यांनी दीड तास धरावा. येरवड्याच्या पुढे नगर रस्ता आपल्या मर्जीने चालतो. मेट्रो वनाझहून रामवाडीपर्यंत जाते, तिथून विमानतळाला रिक्षा. पण मेट्रो सकाळी ६ ला सुरू होते, त्यामुळे पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही. परतताना ॲपची कॅब टर्मिनलच्या दारात येत नाही, एरोमॉलपर्यंत (पार्किंगच्या इमारतीपर्यंत) चालत जावं लागतं. आजी-आजोबा सोबत असतील तर त्याची दहा मिनिटं धरा.

नवं टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू आहे, पण तुमचं विमान एरोब्रिजला (टर्मिनलमधून थेट विमानात नेणाऱ्या पुलाला) लागेलच असं नाही. बसने नेऊन पुढच्या-मागच्या दोन्ही दारांतून चढवलं की विमान लवकर भरतं. सीट पंधराव्या रांगेच्या मागे असेल तर मागच्या शिडीने जा. आणि लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, बसमधून फोटो काढू नका.

औंधकर
विमान लेट का होतं ते कळलं तर चिडचिड निम्मी कमी होते. या कंपन्यांचं एकच विमान दिवसभर शेअर रिक्षासारखं फिरतं: बंगळूर, पुणे, दिल्ली, पुन्हा पुणे, चेन्नई. जमिनीवर अर्ध्या तासाच्या आसपास थांबतं. सकाळी गेलेली वीस मिनिटं पुढच्या प्रत्येक फेरीत जमा होत रात्रीपर्यंत दोन तास होतात. महत्त्वाची मीटिंग असेल तर दिवसाचं पहिलं उड्डाण घ्या, ते विमान बहुधा रात्रीच येऊन उभं असतं.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं की पुण्याचं नागपूर विमानही लेट होऊ शकतं, कारण ते आधी दिल्लीहून यायचं असतं. फ्लाइटरडार२४ वर आपल्या विमानाचा नोंदणी क्रमांक टाका, ते या क्षणी कुठे आहे ते दिसतं. ते अजून तिकडेच उभं असेल तर बोर्डावरच्या "वेळेवर" ला अर्थ नाही. पण घरून उशिरा निघू नका. काउंटर ठरलेल्या वेळेलाच बंद होऊ शकतं.

हिशोबी_डेक्कन
पैशांचं कुणी बोललं नाही. डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे) नियम स्वस्त तिकिटालाही तेच आहेत, हे निम्म्यांना ठाऊक नसतं.

तिकीट रद्द केल्यावर कंपनी जास्तीत जास्त मूळ भाडं अधिक इंधन अधिभार कापू शकते. विमानतळाचं यूडीएफ (विकास शुल्क), पीएसएफ (प्रवासी सेवा शुल्क) वगैरे परत द्यावंच लागतं, तिकीट "नॉन-रिफंडेबल" असलं तरी आणि तुम्ही गेलाच नाहीत तरी. रक्कम लहान म्हणून लोक मागत नाहीत, कंपनीही आठवण करून देत नाही.

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं मोफत, मात्र तुम्ही वेळेवर चेक-इन केलेलं हवं. ते काउंटरवर जाऊन मागावं लागतं. ऐन वेळी रद्द झालं तर परतावा किंवा दुसरं विमान, आणि उड्डाण एक तासापर्यंतचं असल्यास ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,००० रुपयांपर्यंत भरपाई. मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा कमी असेल तर तेवढीच. धुकं, वादळ अशा कारणांना भरपाई नाही. म्हणून कारण लेखी घ्या, निदान एसएमएसचा स्क्रीनशॉट ठेवा.

प्रभातरोड
सीटबद्दल एवढंच: उंच माणसांनी आपत्कालीन दाराची रांग विकत घ्यावी, पण तिथे दोन रांगा लागोपाठ असतील तर पुढची मागे झुकत नाही. पहिल्या रांगेत उड्डाणावेळी हँडबॅग पायाशी ठेवता येत नाही. पाण्याची रिकामी बाटली न्या, तपासणीनंतर भरा. विमानातल्या उपम्याच्या किमतीत वैशाली हॉटेलात दोघांचा नाश्ता होतो.

मगरपट्टा_ते_मिलान
दोन वेगळी तिकिटं जोडणाऱ्यांसाठी. पुणे-मुंबई-परदेश स्वतः जुळवलंत तर मुंबईत बॅग उतरवून परत द्यावी लागते, आणि पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर त्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. किमान पाच तास ठेवा. विमानतळाचा कोडही वाचा: २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहार, एनएमआय म्हणजे उलवे. टॅक्सी बुक करण्याआधी बघा.

युरोपात रायनएअरने जाणार असाल तर मोफत बॅग फक्त ४० × ३० × २० सेंमी, आपल्या ७ किलोंच्या बॅगेला वेगळे पैसे. "पॅरिस" लिहिलेलं बोव्हे शहरापासून सुमारे ८५ किमीवर आहे, बसभाडं धरून तुलना करा. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर ऑनलाइन चेक-इन झालं तरी आधी काउंटरवर जाऊन व्हिसा तपासून घ्या, मगच सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागा.